गूढ शब्दकोडे

ज्या शब्दकोड्यातील प्रत्येक संकेत वरवर एक साधे वाक्य वाटतो, पण प्रत्यक्षात उत्तर घडवण्याची कृती सांगत असतो, त्याला गूढ शब्दकोडे किंवा क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात. साध्या शब्दकोड्यात ‘समुद्र’ असा संकेत आला, तर समानार्थी शब्द आठवायचे आणि घरांच्या संख्येत बसेल तो लिहायचा, एवढेच काम असते; ‘सागर’ की ‘अर्णव’ हे आडव्या-उभ्या शब्दांच्या छेदावरून ठरते. गूढ शब्दकोड्यात मात्र उत्तराचा पुरावा संकेतातच दिलेला असतो. त्यामुळे उत्तर आणि उकल या येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकटीत बसणारा शब्द म्हणजे उत्तर. संकेतातील प्रत्येक शब्द कशासाठी आला आहे, याचा पुरता हिशेब लागणे म्हणजे उकल. या छंदाचे सारे मर्म दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि रोजचे कोडे सोडवून झाल्यावर त्याविषयी बोलावेसे वाटते तेही तिच्यामुळेच.

संकेताला दोन बाजू असतात. एका बाजूला उत्तराचा अर्थ असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच उत्तराची अक्षरे कशी जुळवायची हे सांगणारा शब्दखेळ असतो. अर्थ संकेताच्या सुरुवातीला येतो किंवा शेवटी येतो, मध्यभागी येत नाही. परंतु तो कुठे संपतो आणि शब्दखेळ कुठे सुरू होतो, ही सीमारेषा वाक्याच्या ओघात बुजवलेली असते. ‘कसा गरजला आत दडलेला समुद्र! (३)’ हा संकेत वाचताना डोळ्यांसमोर आधी लाटा उभ्या राहतात. कंसातील आकडा उत्तराच्या अक्षरांची संख्या सांगतो, ‘समुद्र’ हा अर्थ आहे, ‘आत दडलेला’ ही खूण आहे, आणि ‘कसा गरजला’ या दोन शब्दांच्या सांध्यावर ‘सागर’ सलग लिहिलेला आहे. लाटांचा या रचनेशी काही संबंध नाही, पण त्या दिसल्या नसत्या तर दडलेला शब्द तत्काळ दिसला असता. वरवरचे वाक्य जितके स्वाभाविक, तितके हे सांधे झाकले जातात. वाक्य ओढूनताणून जुळवलेले असले की ते उघडे पडतात.

शब्दखेळाचे मूळ प्रकार फार नाहीत. सर्वांत परिचित प्रकार अक्षरांच्या उलथापालथीचा आहे. ‘कलम विस्कटून मिळालेले तळ्यातले फूल (३)’ यात ‘विस्कटून’ ही खूण ‘कलम’ची अक्षरे हलवायला सांगते आणि ‘कमल’ हाती येते. ‘मागे वळलेली नदी केविलवाणी (२)’ यात शब्द उलटा वाचून ‘दीन’ मिळतो. ‘पाण्यानंतर पहिला स्वर लागला की मैफल (३)’ हा जोडणीचा प्रकार आहे : पाणी म्हणजे ‘जल’, सप्तकातील पहिला स्वर ‘सा’, आणि दोन्ही मिळून ‘जलसा’. ‘हात सरकारला द्यावा लागतो (२)’ यात शब्दखेळाऐवजी एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेले आहेत आणि दोहोंचे उत्तर ‘कर’ आहे. काही संकेतांत शब्दखेळ मुळीच नसतो, केवळ तिरकस रीतीने सांगितलेला अर्थ असतो, जसे ‘काट्यांवर अहोरात्र चालणारे (३)’ म्हणजे ‘घड्याळ’. कठीण संकेतांत दोन-तीन प्रकार एकत्र येतात. उलटलेल्या शब्दाच्या पोटात विस्कटलेला शब्द बसतो आणि त्याचेही शेवटचे अक्षर गळून पडलेले असते. सर्वांत दुर्मीळ व सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे ज्यात संपूर्ण वाक्य एकाच वेळी अर्थही असते आणि शब्दखेळही. असा निर्दोष संकेत एखाद्या कोडेकाराच्या हातून वर्षातून मोजक्याच वेळा उतरतो.

मराठी वाचकाला यातील बरेचसे नव्याने शिकावे लागत नाही, कारण अलंकारशास्त्राने याची नावे आधीच दिलेली आहेत. शब्द न फोडता दोन अर्थ निघतात तो अभंग श्लेष आणि शब्द फोडून दुसरा अर्थ निघतो तो सभंग श्लेष. ‘कर’ हा पहिल्याचा नमुना आहे, तर ‘जल-सा’ची जोडणी दुसऱ्याच्या जवळची आहे. संस्कृतात ज्या प्रहेलिकेचे, म्हणजे कोड्याचे, उत्तर तिच्याच शब्दांत असते तिला अंतर्लापिका म्हणतात, आणि ‘कसा गरजला’ ही सरळसरळ अंतर्लापिका आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे १६ प्रकार सांगितले आहेत. गूढ शब्दकोड्याचा उगम या परंपरेत नाही, हे स्पष्ट असले पाहिजे. मात्र ते समजून घेण्यासाठी ही परिभाषा अतिशय उपयोगी पडते.

इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांच्यासह एक पूर्ण अक्षर बसते, आणि या एका फरकाने खेळाचे गणितच बदलते. अक्षरांचे वैविध्य प्रचंड असल्याने उलथापालथीतून दुसरा अर्थपूर्ण शब्द क्वचितच निघतो, पण छेदातून मिळालेले एकच अक्षर उत्तराविषयी बरेच काही सांगून जाते. लेखन बरेचसे उच्चारानुसारी असल्यामुळे ध्वनिसाम्यावरचे संकेत ‘सुत’ आणि ‘सूत’ यांसारख्या ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्यांपुरतेच उरतात. खरी अडचण सामान्यरूपाची आहे. ‘रास’ या शब्दाच्या पोटात अज्ञात राशीसाठी वापरले जाणारे ‘क्ष’ ठेवले की ‘राक्षस’ तयार होतो. पण ‘राशीच्या पोटात अज्ञात’ असे लिहिताच ‘रास’ हा शब्द वाक्यातून नाहीसा होतो आणि संकेत मोडतो. तो ‘अज्ञाताला गिळलेली रास म्हणजे दैत्य (३)’ असा फिरवून लिहावा लागतो, म्हणजे ‘रास’ प्रथमेत शाबूत राहते. मराठीत गूढ संकेत रचणाऱ्याचा अर्धा वेळ विभक्ती चुकवण्यात जातो.

आधुनिक शब्दकोड्याची सुरुवात २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात झाली. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी रचलेले ते कोडे हिऱ्याच्या आकाराचे होते आणि त्यातील संकेत सरळ अर्थाचे होते. गूढ वळण त्याला ब्रिटनमध्ये मिळाले. ‘डेली टेलिग्राफ’ने ३० जुलै १९२५ रोजी आणि ‘टाइम्स’ने १ फेब्रुवारी १९३० रोजी शब्दकोडे सुरू केले, पण सर्व संकेत गूढ ठेवण्याचा आग्रह धरला तो ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉविस मॅदर्स यांनी. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर डेरिक सॉमरसेट मॅकनट ‘झिमेनीज’ या नावाने त्यांच्या जागी आले आणि १९७२ मध्ये जोनाथन क्राउदर ‘एझेड’ या नावाने आले. टॉर्केमाडा आणि झिमेनीज ही स्पेनमधील धर्मन्यायपीठाच्या (इन्क्विझिशनच्या) प्रमुखांची नावे आहेत. ‘एझेड’ हे तशाच आणखी एका प्रमुखाचे, डेझा (Deza) याचे, इंग्रजीत उलटे लिहिलेले नाव (Azed) आहे आणि त्यात इंग्रजी वर्णमालेचे पहिले व शेवटचे अक्षरही येते. नाव घेतानाही संकेत रचण्याची ही वृत्ती कोडेकारांच्या रक्तातच असावी.

फसवणुकीला मर्यादा हवी, हा विचार याच पिढीत पक्का झाला. ‘अफ्रिट’ या नावाने लिहिणारे ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये सांगितलेला दंडक आजही आधारभूत मानला जातो : कोडेकार जे म्हणतो तेच त्याच्या मनात असले पाहिजे असे नाही, पण जे मनात आहे ते त्याने शब्दांत म्हटलेले असले पाहिजे. झिमेनीज यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात याला काटेकोर रूप दिले. त्यांच्या परंपरेत संकेतात नेमका अर्थ असावा, न्याय्य शब्दखेळ असावा आणि याखेरीज एकही शब्द नसावा. दिशाभूल करण्याची कोडेकाराला पूर्ण मुभा आहे, पण व्याकरणाच्या दृष्टीने खोटे बोलण्याची नाही. काही कोडेकार हा काटेकोरपणा पाळत नाहीत आणि वाक्याच्या सौंदर्यासाठी एखादा जास्तीचा शब्द खपवून घेतात. प्रस्तुत लेखकाला झिमेनीज यांचा पक्ष अधिक पटतो, कारण सोडवणाऱ्याचा विश्वास एकदा गेला की पुढील प्रत्येक संकेत संशयाने वाचला जातो.

ब्रिटनबाहेर हा प्रकार मुख्यतः राष्ट्रकुलातील देशांत रुजला. भारतात ‘द हिंदू’ने तो १९७१ मध्ये सुरू केला आणि माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास कटारी हे त्याचे सुरुवातीचे कोडेकार होते. अमेरिकेत संगीतकार स्टीफन सोंडहाइम यांनी १९६८ पासून ‘न्यू यॉर्क’ नियतकालिकातून त्याचा परिचय करून दिला. हिब्रू भाषेतही गूढ कोड्यांची स्वतंत्र परंपरा आहे.

दुसऱ्या महायुद्धाशी या कोड्यांचा दोनदा संबंध आला. जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’चे कोडे १२ मिनिटांत सोडवण्याची स्पर्धा झाली आणि तिच्यातील काही जणांना पुढे ब्लेचली पार्क येथील सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामासाठी विचारणा झाली. १९४४ च्या मे-जूनमध्ये त्याच वृत्तपत्राच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून हे नॉर्मंडीच्या चढाईचे गुप्त शब्द उत्तरे म्हणून आले, तेव्हा कोडेकार लेनर्ड डॉ (Dawe) या मुख्याध्यापकांची गुप्तचर खात्याने चौकशी केली.

दैनिक कोड्याची चौकट साधारणपणे १५ गुणिले १५ घरांची असते आणि ती अर्धा फेरा फिरवली तरी काळ्या घरांची नक्षी तीच राहते. संकेत तीसच्या आसपास असतात. सवयीचे लोक क्रमाने जात नाहीत. एकदा सगळे संकेत वाचून दडलेले आणि विस्कटलेले शब्द आधी वेचतात, कारण त्यांच्या खुणा लवकर ओळखू येतात, आणि त्या अक्षरांच्या आधाराने बाकीच्यांकडे वळतात. अडलेल्या संकेताचे वाक्य म्हणून वाचन थांबवणे ही एकच गोष्ट खरोखर शिकावी लागते. लाटा पुसून टाकाव्या लागतात. प्रत्येक शब्द सुटा करून हा अर्थ आहे, खूण आहे की खुणेने हाताळायचा निव्वळ अक्षरांचा माल आहे, असे विचारावे लागते. पुष्कळदा कोडे बाजूला ठेवून तासाभराने पाहिले की उत्तर समोरच असते, कारण तोवर मनावरची वाक्याची पकड सुटलेली असते. रोज सोडवण्याचा आणखी एक लाभ असा, की कोडेकाराचा हात ओळखू येऊ लागतो. ‘गार्डियन’सारख्या वृत्तपत्रांत कोडेकाराचे टोपणनाव छापले जाते आणि सोडवणारा त्यानुसार आपली तयारी बदलतो, ‘टाइम्स’च्या दैनिक कोड्यावर नाव नसते, म्हणून तिथे शैलीवरूनच तर्क करावा लागतो.

कोडे पुरे झाल्यावर सुरू होणारी चर्चा हा या छंदाचा दुसरा अर्धा भाग आहे. अनेकदा उत्तर अर्थावरून किंवा छेदांवरून भरले जाते आणि शब्दखेळ कळलेलाच नसतो. तो कुणीतरी समजावून देतो, तेव्हा कोडे खऱ्या अर्थाने सुटते. चर्चेतील पहिला शिष्टाचार हा, की ज्याचे कोडे व्हायचे आहे त्याला उत्तर न सांगता केवळ खुणेकडे बोट दाखवावे. त्यानंतर न्याय्यतेचा वाद येतो, आणि तो अगदी बारीक असतो. वर दिलेला नदीचा संकेत ‘सरिता मागे वळून केविलवाणी (२)’ असा लिहिला, तर ‘मागे वळून’ ही खूण दोन्हीकडे लागू पडते : ‘नदी’ उलटून ‘दीन’ होते, तशीच ‘दीन’ उलटून ‘नदी’ही होते. निर्णय छेदावर सोपवावा लागतो, म्हणजे संकेताने आपले काम पुरे केलेले नसते. असा दोष शोधून काढणे हे छिद्रान्वेषण नव्हे. ज्याने तो दाखवला त्याने संकेत कोडेकाराइतक्याच निगुतीने वाचलेला असतो. आणि एखादा संकेत निर्दोष निघाला, तर त्याला मनापासून दाद देणेही याच चर्चेचा भाग आहे.

रोजच्या या देवघेवीतून कोडेकार आणि सोडवणारे यांच्यात कशा प्रकारचे नाते जुळते, हे जॉन ग्रेअम यांच्या उदाहरणावरून दिसते. धर्मोपदेशक असलेले ग्रेअम ‘गार्डियन’मध्ये ‘अराउकेरिया’ या नावाने कोडी रचत. ते एका वृक्षाचे शास्त्रीय नाव आहे, आणि दुसऱ्या वृत्तपत्रासाठी त्यांनी घेतलेले ‘सिनेफाइल’ हे नाव त्याच वृक्षाच्या इंग्रजी नावाची अक्षरे फिरवून केलेले होते. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका कोड्याच्या माथ्यावर, आपल्याला काय झाले आहे हे केवळ संकेतांचे क्रमांक देऊन सांगणारी एक ओळ छापली गेली. ज्यांनी ती घरे भरली, त्यांच्या हाती कर्करोग, अन्ननलिका आणि उपशामक उपचार ही उत्तरे आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.