रक्त ‘पॉझिटिव्ह’, फोटो ‘क्लिअर’

माझी भाची नर्स आहे. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात तिला नोकरी लागली. व्हिसासाठी मुंबईत काढलेला छातीचा फोटो स्वच्छ होता. तिथे रुजू होताना मात्र रक्त घेतलं गेलं आणि काही दिवसांनी रात्री फोन आला, “मामा, मला टीबी निघालाय!”

म्हटलं, आधी रिपोर्ट वाचून दाखव. त्यात टीबीचं निदान कुठेच नव्हतं. होतं ते एवढंच : ‘इग्रा पॉझिटिव्ह’. इग्रा म्हणजे टीबीच्या संसर्गाची रक्तचाचणी.

ही चाचणी जंतू शोधतच नाही. नेहमीच्या पद्धतीत रक्त चार नळ्यांत घेतात. एक नळी कोरी, दोन नळ्यांत क्षयाच्या जंतूची प्रथिनं, आणि चौथीत पेशींना डिवचणारा पदार्थ. मग नळ्या शरीराइतक्या उबेत 16 ते 24 तास ठेवतात. पांढऱ्या पेशींची त्या जंतूशी पूर्वी गाठ पडली असेल, तर त्या प्रथिनं ओळखतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. कोऱ्या नळीपेक्षा ते 0.35 एककांनी जास्त भरलं, की पॉझिटिव्ह. चौथ्या नळीतल्या पेशीही गप्पच राहिल्या, तर ‘इनडिटर्मिनेट’ लिहून येतं. म्हणजे थोडासा टीबी नव्हे. चाचणीच फसली, पुन्हा करा.

थोडक्यात, ही शरीराच्या आठवणीची परीक्षा. तो जंतू आज जिवंत आहे का, हे तिला सांगता येत नाही. 2019-21च्या राष्ट्रीय पाहणीत 15 वर्षांवरच्या साधारण 31 टक्के भारतीयांमध्ये अशा संसर्गाची खूण सापडली होती. आमच्या भाचीची तर वॉर्डातली नोकरी! अशा सुप्त संसर्गातून (जंतू अंगात, पण आजार नाही) आयुष्यभरात आजारी पडतात ते शेकडा 5 ते 10. एचआयव्ही किंवा मधुमेह असेल तर धोका वाढतो.

“पण लहानपणी बीसीजी टोचलीय ना, त्यामुळे असेल?” तिनं विचारलं. हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजायच्या जुन्या माँटू चाचणीत बीसीजी खरोखर घोळ घालते. (मोजायची ती गाठ, भोवतीची लाली नव्हे. पट्टी लाली धरून लावणारे मी पाहिलेत.) इग्रातली प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नसतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नवी त्वचाचाचणीही त्याच प्रथिनांवर बेतलेली आहे.

खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, फोटो स्वच्छ. म्हणजे आजार नाही, आणि सुप्त संसर्ग दुसऱ्याला लागत नाही. नोकरीला धक्का नव्हता. उलट बाजूही सांगून ठेवली : इग्रा निगेटिव्ह आली तरी दोन आठवडे खोकला असेल, तर थुंकी तपासायचीच.

तिथल्या डॉक्टरांनी यकृताची तपासणी करून तीन महिन्यांच्या गोळ्या सुचवल्या, आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. गोळ्या संपल्या तरी इग्रा पॉझिटिव्हच राहू शकते, म्हणून कोर्स पूर्ण केल्याचा कागद जपून ठेव म्हटलं. तिनं सुरू केल्या. लगेच पुन्हा फोन, “मामा, लघवी केशरी होतेय!”

होणारच. तो रिफाम्पिसिनचा रंग.