‘मातृभाषा’ नावाचा रकाना : सीमाभागातल्या तरुणांवरच्या दबावाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर संपत आला की बेळगावात कॉलेजच्या पोरांना एक गोष्ट ठरवावी लागते. १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर काय लावायचं? गल्लीतले मित्र काळा चौकोन लावतात, वर्गातले लाल-पिवळा झेंडा. काहीच लावलं नाही तर दोन्हीकडून विचारणा होते. मग स्टेटस कुणाला दिसावं आणि कुणाला दिसू नये, याची सेटिंग सुरू होते. बाहेरून बघणारा याला कट्टरता म्हणतो. मला तो निम्मा धाक वाटतो आणि निम्मा सराव. आपण कुणाचे, हे इथल्या मुलाला पहिलीच्या प्रवेशापासून लिहून द्यावं लागत आलंय.

२६४ गावं तिकडे महाराष्ट्रात, २४७ गावं इकडे कर्नाटकात आणि बेळगाव शहर आहे तिथेच, हा सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल इथे घरोघरी पाठ आहे. त्यावर पुन्हा शाई घालवत नाही. तोवरचं भांडण गावांचं आणि मोठ्या माणसांचं होतं. मोर्चाला वडील जायचे, पोरं शाळेत असायची. १९८० नंतर भांडणच शाळेत शिरलं.

१९८२ च्या जुलैत कर्नाटक सरकारने आदेश काढला, की माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा. ‘प्रथम भाषा’ हा शब्द ऐकायला कोरडा आहे, पण इथल्या दहावीत बाकी विषय शंभराचे आणि प्रथम भाषा सव्वाशेची, असं वर्षानुवर्षं चालत आलं. मराठी शाळेतल्या पोराने घरची भाषा दुसऱ्या नंबरावर ठेवायची आणि शेजारच्याच्या घरच्या भाषेत त्याच्याशी गुणांची शर्यत लावायची, असा त्याचा अर्थ घेतला गेला. त्यातून कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटलं आणि १ जून १९८६ ला गोळीबारात माणसं गेली. हिंडलग्याच्या स्मारकावर आजही त्या दिवशी लोक जमतात. १९८९ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण तोवर एक पिढी घडून गेली होती. त्या वेळी अठरा-वीस वर्षांची असलेली मुलं पुढे बाप झाली, आणि आजच्या पोरांवरचं ओझं मुख्यतः त्यांच्या अपेक्षांचं आहे.

इथून पुढे सगळा गुंता ‘मातृभाषा’ या एका शब्दाचा आहे.

१९९४ च्या एप्रिलमधल्या आदेशाने ठरवलं, की पहिली ते चौथीचं शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून. वरवर मराठीला यात धोका नव्हता, उलट संरक्षणच होतं. पण तोवर पालकांना इंग्रजी हवी झाली होती, मराठी पालकांनाही आणि कन्नड पालकांनाही. कन्नड माध्यमाची परवानगी घेऊन इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळा राज्यभर निघाल्या. खटला वर वर जात राहिला, आणि ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचं आणि त्याच भाषेतून शिकण्याची सक्ती सरकारला करता येणार नाही. सीमाभागात या निकालाचं स्वागत झालं. माझं मात्र एका गोष्टीवर बोट थांबतं. जी भाषा मुलाची, ती ठरवणार बाप. घरात हे पूर्वीपासून तसंच होतं, त्यावर आता शिक्का बसला.

आमच्याच घरातलं सांगतो. माझ्या दाखल्यावर मातृभाषा मराठी आहे, धाकट्या भावाच्या दाखल्यावर कन्नड. आई एकच. त्याला घराजवळच्या कन्नड शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी पेन उघडून विचारलं, तर वडील म्हणाले, ‘‘लिवा की काय लिवायचं ते, पोरगं शिकू दे.’’ बारा वर्षांनी तो शब्द आडवा आला. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मुलांसाठी सवलत आहे. दहावी किंवा बारावी इथून झालेली हवी आणि मातृभाषा मराठी हवी. मुख्याध्यापकांनी जाड रजिस्टर आमच्यासमोर उलटं फिरवलं, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘इथं कन्नड आहे, मी मराठी कसं देऊ?’’ त्यांचंही चुकलं नव्हतं. वडील बाहेर व्हरांड्यात बसून राहिले. १९८६ च्या मोर्चात ते पुढे होते.

२०१५ च्या कायद्याने पहिलीपासून कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. आता ‘सक्ती’ हा शब्द आंदोलनात जेवढा तापतो तेवढा घरात तापत नाही, हे मान्य करायला हवं. एकाच तोंडातून दोन हुकूम येतात. संध्याकाळी ‘काळ्या दिवसाच्या फेरीला चल, नाहीतर चार माणसं नाव ठेवतील’, आणि सकाळी ‘कन्नड नीट कर, नाहीतर सरकारी नोकरी कुठली?’ उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम शोधणाऱ्या आयटीआयच्या पोराला दुसरा हुकूम जास्त समजतो. तरीही नवरात्रात पहाटे पांढरे कपडे आणि भगवा फेटा घालून तो दुर्गामाता दौडीला हजर असतो. त्यात श्रद्धा आहेच, पण ‘काल दिसला नाहीस?’ हा प्रश्न टाळणंही आहे. शिवजयंतीच्या चित्ररथांचं तसंच. मंडळाची वर्गणी आणि रात्रीची जागरणं ज्याने चुकवली, त्याच्या घरच्या लग्नात पंगत वाढायला पोरं कमी पडतात. कन्नड पोरांवरही राज्योत्सवाच्या मिरवणुकीचा असा धाक असतो, असं त्यांच्याकडून ऐकलंय.

२०१४ पासून भांडणाची कारणंही जवळजवळ येऊ लागली. त्याच वर्षी जुलैत यळ्ळूर गावातल्या ‘महाराष्ट्र राज्य’ असं लिहिलेल्या फलकावरून लाठ्या चालल्या आणि नोव्हेंबरात शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांवर दगड आले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधल्या बोलण्यावरून दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या. अशा आठवड्यात आई फोन करून सांगते, ‘‘बसमध्ये गप्प बस. कुठल्याच भाषेत बोलू नको.’’

भाऊ शेवटी बेळगावातच शिकला आणि नोकरीला पुण्यात गेला. पहिल्या आठवड्यात खोलीतल्या मुलाला त्याने विचारलं, ‘‘काय करूलालास?’’ तो हसला आणि म्हणाला, ‘‘तू कानडी ना?’’

तो परत आलाय. गेल्या जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म त्याने माझ्यासमोर भरला. मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलं आणि पेनने दोनदा गिरवलं. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे.