राक्षसाची वाट आणि तिच्यावरची लाल रेघ

फिन मॅककूल नावाच्या आयरिश राक्षसाला समुद्रापलीकडे स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या बेनँडॉनरशी दोन हात करायचे होते. म्हणून त्याने दगडी खांब रोवत थेट तिकडपर्यंत वाट बांधली. प्रतिस्पर्धी प्रत्यक्ष दिसला मात्र, आणि फिनची पाचावर धारण बसली. तो घरी पळाला. बायकोने त्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवलं. मागोमाग आलेल्या बेनँडॉनरने ते ‘बाळ’ पाहिलं. पोर एवढं तर बाप केवढा, या विचाराने त्याला घाम फुटला आणि परत पळताना त्याने वाट उखडून टाकली. उरली ती फक्त दोन टोकं.

त्यातलं एक टोक म्हणजे उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावरचा जायंट्स कॉजवे. इथे बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचे, सुमारे ४०,००० खांब समुद्रात उतरत गेले आहेत. १९८६ साली युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. दुसरं टोकही खरंच आहे. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर फिंगल्स केव्ह नावाची गुहा आहे आणि तिच्या भिंती अशाच खांबांच्या आहेत. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक महासागर उघडत होता. तेव्हा जमिनीला पडलेल्या भेगांतून जो लाव्हा वाहिला, त्याच काळातली ही दोन्ही ठिकाणं. गोष्ट रचणाऱ्यांनी नातं अचूक ओळखलं होतं, फक्त कर्ता चुकला.

खांब इतके रेखीव कसे? मे महिन्यात आटलेल्या तळ्याचा तळ आठवा. चिखल वाळतो, आकसतो, ताण सहन न होऊन तडकतो. लाव्हा वाळत नाही, थंड होतो, पण आकसणं तेच. भेगा आधी थंड झालेल्या पृष्ठावर पडतात आणि आतला भाग निवेल तशा टप्प्याटप्प्याने खोल जातात. सुरुवातीला त्या वेड्यावाकड्या असतात. खोल जाताना मात्र जिथे तीन भेगा मिळतात, तिथला कोन १२० अंशांकडे सरकत जातो, कारण ताण सर्व बाजूंनी सारखा सुटण्याची ती सोय आहे. म्हणून बहुतेक खांब षट्कोनी. पाच, सात, क्वचित चार किंवा आठ बाजूंचेही सापडतात. मुलांना घेऊन गेलात तर ते शोधण्यात तासभर सहज जातो. लाव्हा जितका सावकाश निवेल तितके खांब जाड होतात. कॉजवेवरचे साधारण हातभर रुंद आहेत.

भेग नेमकी किती तापमानाला पडते, हे २०१८ साली लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजलं. बेसॉल्ट साधारण ९८० अंश सेल्सिअसला घट्ट होतो आणि ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान तडकतो. म्हणजे हात लावायचं तर सोडाच, लालबुंद असतानाच खडकाने आपली भूमिती ठरवून टाकलेली असते. असे खांब बनवण्याचा एक प्रयोग घरीही जमतो. कॉर्नफ्लोअर पाण्यात दाट कालवून भांड्यात ओता आणि तापणाऱ्या दिव्याखाली काही दिवस वाळू द्या. फोडल्यावर आत बारीक खांब दिसतात.

आज हे सरळ वाटतं, पण अठराव्या शतकात यावर मोठी जुंपली होती. बेसॉल्ट समुद्राच्या पाण्यातून साका बसून तयार होतो, असं एक पक्ष म्हणे, तर दुसरा पक्ष तो ज्वालामुखीचा मानत असे. पाणीवाल्यांना पुरावाही मिळाला, तो कॉजवेपासून जवळच, पोर्टरशला. तिथल्या काळ्या कठीण ‘बेसॉल्टात’ विल्यम रिचर्डसन या धर्मगुरूंना अमोनाइटचे, म्हणजे समुद्री शंखवर्गीय प्राण्यांचे, जीवाश्म दिसले. लाव्ह्यात शंख कसे येतील? बिनतोड वाटणारा सवाल. प्रत्यक्षात तो बेसॉल्ट नव्हताच. समुद्रतळाच्या मऊ चिखलखडकात तप्त शिलारस घुसला आणि त्या आचेने चिखलखडक विटेसारखा भाजून काळा, कडक झाला होता. पोर्टरशला लोक लाटांवर सर्फिंग करायला येतात. मी म्हणेन, ओहोटी असेल तर आधी हे खडक पाहा.

कॉजवेवर सगळे खांबांचेच फोटो काढतात. मला त्याहून मोलाची वाटते ती मागच्या कड्यातली लाल रेघ. ‘ऑर्गन’ म्हणतात त्या सुमारे १२ मीटर उंच खांबांकडे जाताना ती जवळून दिसते. खाली एका काळातले लाव्हाथर, वर दुसऱ्या काळातले आणि मधोमध हा लाल पट्टा. पहिले उद्रेक थांबले, नंतर लाखो वर्षं शांतता होती. हवामान उष्ण आणि दमट होतं. पावसाने बेसॉल्टमधली सिलिका धुऊन नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. हे वर्णन कुठे तरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? हा आपला जांभाच. कोकणात ज्याचे चिरे घराला लावतात तो दगड दख्खनच्या बेसॉल्टपासून अशाच रीतीने झाला. अँट्रिममध्ये या थरातून एकोणिसाव्या शतकात लोखंडाचं खनिज काढत. खांबांचं नवल असेल तर अंधेरीची गिल्बर्ट हिल आहेच, ६.६ कोटी वर्षांची. पण थंडगार आयर्लंडमध्ये जांभा बघणं ही वेगळीच मजा. त्याच पट्ट्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड आहेत, त्यांना राक्षसाचे डोळे म्हणतात.

तिथून १६२ पायऱ्या चढून कड्यावर गेलं की वाट पूर्वेला पोर्ट ना स्पॅनियाकडे जाते. १५८८ च्या ऑक्टोबरात स्पॅनिश आरमाराचं ‘गिरोना’ हे जहाज इथल्या खडकांवर फुटलं आणि त्यावरचे सुमारे १,३०० जण बुडाले. मोजकेच वाचले. १९६७ साली बेल्जियन पाणबुडे रोबेर स्तेन्युई यांनी अवशेष शोधून काढले. त्यातलं सोनं बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे. आणखी पुढे कॅरिक-अ-रीडचा झुलता पूल लागतो. लांबी २० मीटर, खाली ३० मीटरवर समुद्र. सामन मासे पकडणाऱ्या कोळ्यांनी १७५५ मध्ये पहिला पूल बांधला म्हणतात. पर्यटक पूल ओलांडण्याच्या थरारात असतात. आपण ज्यावर उभे आहोत ते बेट एका जुन्या ज्वालामुखीचं तोंड आहे, याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं.

पायात पकड असलेले बूट हवेत, ओले काळे खांब शेवाळल्या घाटाइतके निसरडे असतात. आणि भेगांत नाणी खोचू नका. नशिबासाठी किंवा प्रेमासाठी लोक ती ठोकून बसवतात. लोखंडी गाभ्याची नाणी खारट हवेत गंजून फुगतात आणि भेगेच्या कडांचे टवके उडवतात. जागेची देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्टने २०२५ मध्ये लोकांना तसं न करण्याचं आवाहन केलं. कित्येक खांबांवर आता तांबूस ओघळ उतरले आहेत. तोही लोहाचाच रंग, फक्त लाखो वर्षांचा नाही.