फाळके पुरस्कारवाल्या सुलोचना म्हणजे आपल्या दीदी नव्हेत

माझा भाचा विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. परवा त्याच्या नोट्स सहज चाळल्या. दादासाहेब फाळके पुरस्काराच्या यादीत १९७३ पुढं 'सुलोचना' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'वहिनींच्या बांगड्या', म्हणजे सुलोचनादीदींचा मराठी चित्रपट. हीच चूक मी फॉरवर्ड मेसेजमध्ये वाचली आहे आणि एका व्याख्यानात व्यासपीठावरून ऐकलीही आहे. आता एकदा सविस्तर लिहितोच.

अभिनेत्री सुलोचना लाटकर, म्हणजे सुलोचनादीदी, आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कुणाला नव्यानं सांगायला नकोत. चिक्कोडी-निपाणीकडच्या खडकलाटच्या. जन्म ३० जुलै १९२८. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये उमेदवारी, मग कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली शिक्षण. 'सुलोचना' हे नावही भालजींनीच दिलेलं. 'मीठ भाकर', 'वहिनींच्या बांगड्या', 'मोलकरीण', 'मराठा तितुका मेळवावा'मधल्या जिजाऊ. ४ जून २०२३ ला त्या गेल्या तेव्हा आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका घरातलं माणूस गेल्यासारख्या बोलत होत्या. एवढं पुरे.

दुसऱ्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. जन्म १९०७, पुण्याचा, बगदादी ज्यू घराण्यातला. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करणारी ही मुलगी मोहन भवनानींनी कोहिनूर फिल्म कंपनीत आणली आणि पडद्यावर ती 'सुलोचना' झाली. १९२५ चा 'वीर बाला', पुढच्याच वर्षी 'टायपिस्ट गर्ल' आणि 'सिनेमा क्वीन'. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये तिनं आठ भूमिका केल्या. त्यात माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, केळी विकणारी म्हातारीही होती. मूकपटाच्या काळात आठ माणसं वेगळी दाखवायची ती नुसत्या अंगानं आणि चेहऱ्यानं. इंपीरियल कंपनीत तिला महिना ५,००० रुपये मिळत आणि मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा तिचा पगार मोठा, असं लोक म्हणत. बोलपट आले आणि अडचण झाली, कारण हिंदुस्थानी नीट येत नव्हतं. वर्षभर थांबून ती भाषा शिकली आणि १९३२ मध्ये आपल्याच 'माधुरी' या मूकपटाच्या बोलपटातून परत आली. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो, आणि म्हणूनच त्यांचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर चढलेलं बघवत नाही.

नाव एकच असलं तरी घोटाळा तेवढ्यानं होत नाही. एक मूकपटातली तारका, दुसरी मराठी चित्रपटातली सोशिक वहिनी. यात चुकणारा माणूस विरळाच. चूक होते ती मध्ये. १९५० नंतर दोघीही हिंदीत आहेत, दोघीही वडीलधाऱ्या बाईच्या भूमिका करतात आणि श्रेयनामावलीत दोघींचं नाव नुसतं 'सुलोचना'. आडनाव नाही, काही नाही. तिथून पुढं याद्या करणाऱ्यांनी दोघींची कामं एकाच पोत्यात भरली.

'अनारकली'चंच बघा. १९२८ च्या मूकपटात अनारकली रूबी मायर्स, १९३५ च्या बोलपटातही त्याच. १९५३ मध्ये बीना राय अनारकली झाल्या आणि सलीमची आई, जोधाबाई, झाल्या 'सुलोचना'. 'आई' आणि 'सुलोचना' हे दोन शब्द शेजारी दिसले की आपल्याकडे दीदींचं नाव घेतलं जातं. पण त्या जोधाबाई रूबी मायर्स. एकाच कथेत अठरा वर्षांच्या अंतरानं नायिका आणि मग नायकाची आई, असं काम केलेली बाई दीदींच्या यादीत घुसडली जाते. त्याच १९५३ मध्ये दीदी मराठीत 'वहिनींच्या बांगड्या' करत होत्या. (१९६० च्या 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाईही दीदी नव्हेत, त्या दुर्गा खोटे.)

कुणी म्हणेल, वयाचा हिशेब घातला की झालं. १९५३ पुरता तो बसतो. सलीम झालेले प्रदीपकुमार १९२५ चे, म्हणजे दीदींपेक्षा तीन वर्षांनी मोठेच. पण हाच हिशेब पुढं नेला की फसगत होते. १९५९ मध्ये बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त दीदी आईच्या भूमिकेत आल्या, आणि त्याच वर्षी 'दिल देके देखो'मध्ये शम्मी कपूरच्या आई झाल्या. तेव्हा दीदी एकतीस वर्षांच्या, शम्मी कपूर अठ्ठावीसचे. १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये तर ज्या देव आनंदच्या त्या आई, तो त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा. त्यामुळे 'एवढ्या लहान वयात आई कशी असेल' हा प्रश्न दीदींच्या बाबतीत चालत नाही. वय सोडा, चेहरा बघा. चित्रपट उघडून पाच मिनिटं बघितला की दोघींत गल्लत होणं शक्य नाही. न बघता याद्या उतरवून घेण्याची जी सवय लागली आहे, तिची मला खरी चीड आहे.

काही जण 'सीनियर सुलोचना' आणि 'ज्युनियर सुलोचना' लिहितात. मला ते पसंत नाही. दीदी कुणाच्या ज्युनियर नव्हत्या. एकीला रूबी मायर्स म्हणावं, दुसरीला सुलोचना लाटकर किंवा दीदी. दोन्ही नावं उपलब्ध असताना क्रमांक कशाला?

सुलोचना चव्हाण तिसऱ्या, पण तिथं समजावण्यासारखं फारसं नाही. त्या लावणी गायिका, त्यांचा आवाज ऐकायचा. 'सोळावं वरीस धोक्याचं', 'पाडाला पिकलाय आंबा' त्यांच्या. 'बुगडी माझी सांडली गं' त्यांची नव्हे, ती आशा भोसले यांची. आशाताईंचा जन्म सांगलीचा आणि गाणं लिहिणारे गदिमा आटपाडीकडच्या शेटफळ्याचे, तेव्हा निदान आपल्या जिल्ह्यात तरी ही चूक होऊ नये.

आता पुरस्कार. १९७३ चा फाळके पुरस्कार रूबी मायर्स यांचा. १९९१ चा भालजींचा, म्हणजे दीदींच्या गुरूंचा. दीदींना १९९९ मध्ये पद्मश्री आणि पुढं महाराष्ट्र भूषण मिळाला, फाळके मिळाला नाही. भाच्याला हे सांगितलं तर तो पटकन म्हणाला, "मामा, पण मिळायला पाहिजे होता की!" पाहिजे होता, मीही तेच म्हणतो. पण दीदींवर झालेला अन्याय रूबी मायर्स यांच्या पुरस्कारातून भरून काढता येत नाही. रूबी मायर्स १० ऑक्टोबर १९८३ ला मुंबईत वारल्या. भाच्याने 'वहिनींच्या बांगड्या' खोडून तिथं 'माधुरी, १९२८ आणि १९३२' असं लिहिलं आहे.