‘ढ’ ते सर्टिफिकेट : शाळेला ‘वेगळी’ मुलं कशी दिसायला लागली

अभ्यासात मागे पडणाऱ्या पोराला एका अक्षरात निकालात काढायची सोय मराठीत आहे, ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून बाकी अक्षरं बदलत गेली आणि हे एकटंच होतं तसं राहिलं म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. मास्तरांचं निदान तेवढंच, आणि उपचार म्हणजे शेवटचा बाक नाहीतर छडी.

डोळ्यांना दिसणारं अपंगत्व असलं तर निदान वेगळी शाळा तरी होती. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ ची, आणि मिस मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली १९०० मध्ये. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी मात्र १९४४ उजाडलं, तेही वकील आडनावाच्या दांपत्याने स्वतःच्या मुलीसाठी हालचाल केली म्हणून (जय वकील स्कूल). १९७२ ला मिथू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलांसाठी संस्था काढली, तीही लेकीपायी, आणि नाशिकला रजनीताई लिमयेंची प्रबोधिनी, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची शाळा, ती मुलापायी. म्हणजे आधी आईबाप हलले, सरकार मागून आलं.

आता मूल ओळखायचं कसं, तर त्याची सुरुवात पॅरिसची. १९०५ मध्ये बिने आणि सिमों यांनी बुद्धिमत्तेची चाचणी बनवली ती हुशार मुलं शोधायला नाही, तर वर्गात कुणाला जास्तीची मदत लागेल ते कळावं म्हणून, हे लोक विसरतात. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, तीच बिने-कामत. पुढे १९६० च्या दशकात नागपुरात मालिन यांनी वेक्स्लर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिमत्ता चाचणीवरून भारतीय मुलांसाठी चाचणी केली, तिला मिसिक म्हणतात. मुलांच्या फायलीत हे नाव अजून दिसतं, ते नागपूरचं आहे हे फार जणांना माहीत नसतं.

सरकारी बाजूने बघितलं तर १९७४ ला केंद्राची एकात्मिक शिक्षणाची योजना आली, साध्या शाळेतच या मुलांना बसवायचं म्हणून. मग १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, त्यात सात प्रकार, पण डिस्लेक्सियावाल्या मुलाचं नाव कुठेच नाही! कारण त्याला दिसतं, ऐकू येतं, बोलतो फाडफाड, फक्त वाचता-लिहिता येत नाही, म्हणजे आळशीच असणार ना. इथे महाराष्ट्र पुढे होता, १९९६ पासून आपल्या राज्यात या मुलांना सवलती मिळायला लागल्या. जास्तीचा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे मार्क न कापणं, एक भाषा सोडून कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या लेव्हलचं अंकगणित.

माझ्या मते गाडी अडकली ती इथेच. आपली व्यवस्था वर्गातून उगवली नाही, परीक्षेतून उगवली. सवलत हवी तर सर्टिफिकेट हवं, ते सायन, केईएम, नायरसारख्या हॉस्पिटलांतून, आणि तिथे जायची आठवण होते बोर्ड जवळ आलं की. माझ्या भाच्याचंच सांगते, तिसरीच्या वहीत ‘शाळेत’चं ‘शळते’, ‘पाऊस’चं ‘पऊसा’, काना पळून दुसऱ्या अक्षराला चिकटलेला, जोडाक्षर आलं की जागा कोरीच, आणि खाली लाल पेनाने दरवर्षी एकच शेरा ‘अक्षर सुधारा’. सहा वर्षं तेच, वर्गशिक्षिका चार बदलल्या. नववीत कुणीतरी म्हणालं एकदा टेस्ट करून घ्या. बुद्ध्यांक व्यवस्थित निघाला, वाचन दोन-तीन इयत्ता मागे.

अजून एक गोम, या टेस्टा बराच काळ इंग्रजीच्याच भरवशावर चालल्या. बी-डी उलटं लिहितो का हे विचारून मराठी माध्यमातल्या पोराचं काय कळणार, त्याचा गोंधळ काना-मात्रा-वेलांटीत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया ओळखायचा डाली नावाचा चाचणीसंच काढला तेव्हा त्यात हिंदी, कन्नडसोबत मराठीही आली.

मग कायदे पटापट बदलले. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २०१० ला लागू, २०१२ च्या दुरुस्तीने त्यात अपंग मुलं नीट धरली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सातचे एकवीस प्रकार झाले, त्यात ऑटिझम आला, अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलाच) आली. अशी मुलं शाळेतच ओळखायला एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ नावाचं ॲप आलंय, त्यात पहिली चेकलिस्ट वर्गशिक्षकानेच भरायची, हॉस्पिटलच्या खूप आधी. दुसरा टप्पा विशेष शिक्षकाचा. आणि हा विशेष शिक्षक असतो कुठे, तर बऱ्याच ठिकाणी एकच माणूस पाच-सात शाळांत फिरतो, आज इथे, परत कधी ते त्यालाच ठाऊक. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरामागे एक असं प्रमाण सांगितलंय. भाच्याच्या शाळेत तेव्हा एकही नव्हता, नाव नोंदवायला रजिस्टर मात्र होतं.