चिखलात खेळल्याने सर्दी होते का?

‘चिखलात, पाण्यात खेळू नकोस, सर्दी होईल’ हा समज घरोघरी पक्का असला, तरी सर्दी विषाणूंमुळे, बहुतेकदा ऱ्हायनोव्हायरसमुळे होते. हे विषाणू चिखलातून येत नाहीत, तर आजारी माणसाच्या शिंकेतून, खोकल्यातून आणि हातांतून पसरतात, आणि बंद, गर्दीच्या खोलीत त्यांना अधिक वाव मिळतो. म्हणून अंगणात जुनी परात, पळी, पिठाची चाळणी आणि तांब्याभर पाणी देऊन मुलाला मनसोक्त माती कालवू द्यावी. कोरडी माती चाळणीतून झरझर गळते आणि तीच भिजली की जाळीला चिकटून बसते, हे त्याला बोटांनीच कळते.

काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टींची. उघड्यावर शौच होत असलेल्या मातीतून अंकुशकृमी या आतड्यातल्या जंताच्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या, साचलेल्या पावसाच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. त्यामुळे जागा स्वच्छ निवडावी, पायांत चप्पल असावी, जखम असल्यास खेळ टाळावा आणि खेळानंतर नखांसकट हात साबणाने धुवावेत. पाण्याने भरलेल्या बादलीजवळ लहान मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये.