जर्मनीतल्या पूर्वजाच्या नोंदी: अर्ज कुणी करायचा, कुठे करायचा आणि तो परत का येतो

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय आता वरचेवर निघतो. जावयाचे पणजोबा जर्मनीतून आलेले, सुनेच्या आजीचं माहेरचं आडनाव जर्मन, नातवाला शाळेत वंशवृक्ष काढायचाय. मग कुणीतरी हौसेनं जर्मन सरकारला ईमेल धाडतं: 'जॉर्ज मिलर, जन्म १८५० च्या सुमारास, जर्मनी. जन्मदाखला मिळावा.' उत्तर आलंच तर एका ओळीचं येतं: जन्मगाव कळवा.

यात कार्यालयाचा आडमुठेपणा नाही. तो पुढे भेटेल. जर्मनीत जन्म, लग्न, मृत्यू यांच्या जुन्या नोंदींचं देशभराचं एकच दफ्तर नाही. नोंद गावाची असते. ती त्या गावच्या नोंदणी कार्यालयात, म्हणजे श्टांडेसआम्टमध्ये, नाहीतर चर्चकडे किंवा अभिलेखागारात सापडते. त्यामुळे गाव हाती लागेपर्यंत जर्मनीला एकही पत्र लिहू नका. पहिला शोध अमेरिकेतच घ्यायचा आहे.

आधी गाव

अमेरिकन जनगणनेत 'प्रशिया', 'बव्हेरिया', 'हेसेन' एवढंच लिहिलेलं असतं, आणि तेही फसवं. हानोव्हर, नासाऊ, कुरहेसेन आणि फ्रँकफर्ट प्रशियानं १८६६ मध्ये गिळले. म्हणून एकच माणूस १८६० च्या जनगणनेत 'नासाऊ'चा आणि १८७० च्या जनगणनेत 'प्रशिया'चा निघतो, आणि घरचे बर्लिनच्या आसपास शोधत बसतात. नागरिकत्वाच्या कागदांचंही तेच. १९०६ च्या सप्टेंबरपर्यंत हे काम कुठल्याही स्थानिक कोर्टात व्हायचं, आणि त्या कागदांवर गावाचं नाव क्वचितच मिळतं.

गाव सापडतं ते भलत्याच ठिकाणी. मिलवॉकी, सिनसिनाटी, सेंट लुईस इथल्या जर्मन चर्चच्या वह्या बघा. पाद्री स्वतः जर्मन असला की लग्नाच्या किंवा दफनाच्या नोंदीत मूळ गाव लिहायचा. जर्मन भाषेतल्या स्थानिक वर्तमानपत्रातली निधनवार्ता, थडग्यावरचा मजकूर, यादवी युद्धात लढलेल्याची पेन्शनची फाइल हेही पाहा. फक्त आपल्या पणजोबांना धरून बसू नका. त्यांचे भाऊ, बहिणी, लग्नातले साक्षीदार यांचेही कागद काढा, कारण एका गावची माणसं परदेशात एकमेकांच्या शेजारीच घरं करायची.

जहाजांच्या याद्यांवर फार भिस्त ठेवू नका. हांबुर्गच्या १८५० ते १९३४ च्या याद्या बऱ्याच अंशी शिल्लक आहेत आणि त्यांत आधीचं राहण्याचं ठिकाण असतं. ब्रेमेनच्या मात्र जवळपास सगळ्या गेल्या. जुन्या याद्या ठेवायला जागा नाही म्हणून तिथल्याच कारकुनांनी त्या नष्ट केल्या, उरलेल्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या महायुद्धात गेल्या. ब्रेमेनहून सुटलेल्या माणसाची यादी कुठेतरी असेलच, या आशेवर लोक वर्ष घालवतात. नैऋत्य जर्मनीतले पुष्कळ जण तर फ्रान्समधल्या ल हाव्रहून गेले.

नाव मिळालं तरी लगेच अर्ज करू नका. नॉयकिर्शेन, नॉयश्टाट ही गावं जर्मनीत ढिगानं आहेत. १९१२ चा मायर्सचा गावकोश इंटरनेटवर फुकट आहे; त्यात गावापुढे जिल्हा आणि श्टांडेसआम्ट कुठलं ते छापलेलं असतं. मग आजचा पत्ता शोधायचा, कारण पश्चिम जर्मनीत १९७० च्या सुमारास हजारो लहान ग्रामपंचायती मोठ्या गावांत विलीन झाल्या. तो उद्योग कुठवर गेला, तर १९७७ मध्ये गीसेन आणि वेत्सलार जोडून 'लान' नावाचं शहर केलं, आणि लोक खवळल्यावर १९७९ मध्ये मोडलंही.

११०, ८०, ३०

सरकारी नोंदणी साऱ्या जर्मनीत १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून, आणि ऱ्हाइनच्या डाव्या काठावर फ्रेंच अमलामुळे १७९८ पासूनच. त्याआधीचं सगळं चर्चकडे. १८५० चा जन्म श्टांडेसआम्टकडे मागितला तर 'आमच्याकडे नाही' हेच उत्तर येणार, आणि ते बरोबर आहे.

जन्माची नोंद ११० वर्षं, लग्नाची ८०, मृत्यूची ३० वर्षं श्टांडेसआम्टकडे राहते. हे वाचून लोकांचे दोन समज होतात, दोन्ही चूक. एक, ११० वर्षांनी नोंद नष्ट होते. दोन, ११० वर्षं होईपर्यंत ती कुणालाच मिळत नाही. खरं असं, की मुदतीच्या आत नोंद हवी तर नातं सिद्ध करून श्टांडेसआम्टकडून घ्यायची. मुदत संपली की वही अभिलेखागारात जाते आणि तिथून नातं न दाखवताही मागता येते. म्हणजे १८८१ च्या जन्मासाठी नात्याचे पुरावे जोडायची गरजच नाही, फक्त पत्र नगर अभिलेखागाराला जायला हवं. हेसेनमधल्या तर जुन्या नोंदणीच्या कितीतरी वह्यांची पानं तिथल्या अभिलेखागारानं इंटरनेटवर टाकलेली आहेत. अर्ज करण्याआधी तिथे बघायचं सोडून लोक महिनोन्‌महिने उत्तराची वाट बघतात.

मृत्यूच्या ३० वर्षांचा फायदा घ्या. गावीच राहिलेला पणजोबांचा भाऊ १९५० मध्ये वारला असेल, तर त्याची मृत्यूनोंद आज अभिलेखागारातून सहज मिळते.

सुनेनं केलेला अर्ज

मुदतीच्या आतली नोंद कुणाला मिळते? कायदा सांगतो: नोंद ज्याची आहे तो, त्याचा जोडीदार, त्याचे पूर्वज आणि त्याचे वंशज. या यादीत नातवाची बायको नाही. नवऱ्याच्या आजोबांचा १९२० चा जन्मदाखला सुनेनं स्वतःच्या सहीनं मागितला की अर्ज परत. आपल्याकडे घरातले कागद सांभाळणारी आणि फॉर्म भरणारी बहुधा तीच, त्यामुळे हा नकार नेमका तिच्या वाट्याला येतो. 'एवढं सगळं जोडलं तरी नाही म्हणाले' असं ती सांगते तेव्हा वाईट वाटतं, पण उपाय एका सहीचा आहे: अर्जदार नवरा. नाहीतर नवऱ्याचं सही केलेलं मुखत्यारपत्र आणि दोघांच्या पासपोर्टच्या प्रती. मुलंही वंशजच, तेव्हा सज्ञान मुलगी असेल तर तिनंच अर्ज करावा.

खरी दमछाक होते ती साखळीत. अर्जदारापासून पूर्वजापर्यंत प्रत्येक पिढीचा एक कागद लागतो, आणि मधे एक कडी हमखास गळते. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत १९०० च्या आधी जन्मनोंदणी धड नव्हतीच; जो दाखला कधी निघालाच नाही तो आणणार कुठून? अशा वेळी 'नोंद उपलब्ध नाही' असं त्या राज्याकडून लेखी घ्यायचं आणि सोबत बाप्तिस्म्याची नोंद जोडायची. दुसरी गळणारी कडी म्हणजे बाईचं बदललेलं आडनाव. लग्नाचा दाखला नसेल, तर आई आणि लेक या दोघी मायलेकी आहेत हे समोरच्या कारकुनानं का मानावं?

आणखी एक. नुसता 'दाखला' मागू नका, वहीतल्या मूळ नोंदीची प्रमाणित प्रत मागा. दाखल्यावर चार ओळी येतात. मूळ नोंदीच्या समासात पुढे झालेली लग्नं, नावातले बदल, कधी मृत्यूही टिपलेला असतो, आणि शोधणाऱ्याला हवं असतं ते तिथेच.

पत्र जर्मनमध्ये लिहा, अर्ध्या पानाचं. घराण्याचा इतिहास त्यात नको. नाव, जन्मतारखेचा अंदाज, गाव, धर्मपंथ, तुमचं नातं एवढं पुरे. फी प्रतीमागे साधारण दहा-पंधरा युरो, शोधाचा वेळ वेगळा. अमेरिकन चेक पाठवू नका.

चर्चच्या वह्या

प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्खिओन हे पैसे भरून वापरायचं संकेतस्थळ आहे. कॅथलिक वह्या मॅट्रिकुला या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण सगळे धर्मप्रांत दोन्हींवर नाहीत. व्युर्टेम्बर्गचं गाव असेल तर नशीब उघडलं समजा. तिथे १८०८ पासून प्रत्येक कुटुंबाचं स्वतंत्र पान ठेवलेलं आहे: आई-बाप, सगळी मुलं, आणि पुष्कळदा बाजूला 'अमेरिकेला गेला'.

वाचणं हे मात्र वेगळं प्रकरण. वह्या कुरेंट नावाच्या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत आणि आजच्या जर्मन माणसालाही ती वाचता येत नाही. कुणबी नोंदींसाठी मोडीचे जाणकार शोधत तहसीलला खेटे घातलेल्यांना हे दुखणं लगेच कळेल. त्यातला e हुबेहूब n सारखा दिसतो; u ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कोयरीवरून. आडनावं कित्येकदा लॅटिन अक्षरांत ठळक लिहिलेली असतात, सुरुवात तिथून करा. आणि 'योहान'वर जाऊ नका. योहान गेओर्ग, योहान पेटर, योहान आडाम असे चौघे भाऊ एकाच घरात निघतात. हाक मारायचं नाव दुसरं. आपले जॉर्ज मिलर म्हणजे योहान गेओर्ग म्युलर. बहिणीचं आडनाव 'म्युलरिन' दिसलं तर ते घराणं वेगळं नव्हे, स्त्रीलिंगी प्रत्यय आहे.

तो का गेला

दाखला मिळाला की बहुतेक जण थांबतात, आणि खरा मजकूर तर पुढेच असतो. व्युर्टेम्बर्ग, बाडेन, फाल्त्स इथे जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई. दोन-तीन पिढ्यांत वाटणी गुंठ्यांवर आली, आणि १८४६-४७ मध्ये बटाट्यावरचा रोग व धान्याची महागाई एकदम आली. कायदेशीर जाणाऱ्याला परवानगी लागे. व्युर्टेम्बर्गमध्ये वर्षभर त्याच्या देण्याची हमी घेणारा जामीनदार दाखवावा लागे, आणि सावकारांना कळावं म्हणून वर्तमानपत्रात जाहीर होई. या फायली राज्य अभिलेखागारांत आहेत आणि त्यांत मालमत्ता, सोबतची मुलं, जायचं ठिकाण सापडतं. परवानगीच्या यादीत नाव नसेल तर सैन्यभरतीची वर्षं तपासा. अनेक तरुण भरती चुकवून रात्रीतून पळाले. त्यांची नावं फरारी म्हणून काढलेल्या कोर्टाच्या नोटिशीत मिळतात.

गावाच्या स्थानिक इतिहास मंडळाला, म्हणजे हायमाटफेराइनला, जरूर लिहा. तिथे निवृत्त शिक्षक वगैरे मंडळी हौसेनं काम करतात आणि सरकारी कचेरीपेक्षा आपुलकीनं उत्तर देतात. गावाच्या ७५० व्या किंवा १२०० व्या वर्षानिमित्त काढलेलं पुस्तक असतं. 'ऑर्ट्सफामिलिएनबूख' म्हणजे साऱ्या गावाच्या कुटुंबांची जंत्री छापलेली असेल तर अर्ध्या शोधाचं काम वाचतं.

पूर्वज ब्रेसलाउ किंवा श्टेटिनकडचा असेल तर ती शहरं आज पोलंडमध्ये आहेत, व्रोत्स्वाफ आणि श्चेचिन या नावांनी. बऱ्याच वह्या पोलिश सरकारी अभिलेखागारांत आहेत. युद्धात वाचलेल्या काही बर्लिनच्या श्टांडेसआम्ट क्रमांक एककडे. आणि तो मंगळूर-धारवाडकडे आलेला बासेल मिशनचा माणूस असेल, तर मूळ गाव बहुधा व्युर्टेम्बर्गचं असलं तरी त्याची मिशनमधली कागदपत्रं स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या मिशन अभिलेखागारात आहेत.

नागरिकत्वाचं

आता ज्यासाठी निम्मे लोक हे सगळं करतात ते. १८८० मध्ये गेलेल्या पणजोबांवरून जर्मन पासपोर्ट मिळत नाही. १८७० च्या कायद्यानं सलग दहा वर्षं परदेशी राहिलेल्याचं नागरिकत्व आपोआप जात असे, कॉन्सुलेटच्या वहीत नाव नोंदवलेलं नसेल तर. ही अट १ जानेवारी १९१४ ला गेली. म्हणून १९०४ च्या आधी निघालेल्यांची वाट बहुधा तिथेच बंद होते. नंतर गेलेल्यांच्या बाबतीत एकच तारीख बघायची: त्यानं अमेरिकन नागरिकत्व आधी घेतलं की मूल आधी झालं.

जर्मन आई आणि परदेशी बाप म्हणून ज्यांना नागरिकत्व मिळालंच नाही, अशा २३ मे १९४९ नंतर जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना १९ ऑगस्ट २०३१ पर्यंत साध्या घोषणेनं ते घेता येतं. ही मुदत फक्त त्या गटाची आहे, सगळ्या अर्जांची नव्हे. नाझी छळामुळे नागरिकत्व गमावलेल्यांच्या वंशजांसाठी वेगळी तरतूद आहे आणि तिला अशी शेवटची तारीख नाही. परदेशात राहणाऱ्यांचे अर्ज कोलोनच्या बुंडेसफेरवाल्टुंग्सआम्टकडे, म्हणजे केंद्रीय प्रशासन कार्यालयाकडे, जातात. नागरिकत्व आहेच असा दाखला मागत असाल तर फी ५१ युरो, आणि उत्तराला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात. इतका काळ आजीचा मूळ दाखला त्यांच्या फायलीत पडू देऊ नका. कॉन्सुलेटमधून प्रमाणित केलेली प्रत जोडा.